बांधावरची झाडं दरवेळी का फसतात? आडोसा, इमारती लाकूड आणि सरपणासाठी निवड दुरुस्त करताना

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. शेताच्या वाऱ्याच्या बाजूला झाडांची ओळ लावली, काही वर्षांत ती उंच झाली, तरी पीक लोळायचं थांबलं नाही. उलट पूर्वी जिथे लोळत नव्हतं तिथेही आता लोळतं. ओळीलगतचे सरे खुजे आणि पिवळे पडतात. लाकूड विकायला काढलं तर घेणारा गाठी दाखवतो, खोडाचा बाक दाखवतो. सरपणासाठी तोड केली तर सगळा आडोसाच उघडा पडतो. मग ती ओळ उपटून दुसऱ्या जातीची लावली जाते आणि काही वर्षांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

जात बदलून हे सुटत नाही, कारण बिघाड मांडणीत असतो. एकाच ओळीकडून तीन कामं मागितलेली असतात आणि त्या तिन्ही कामांना लागणारी झाडाची ठेवण एकमेकांच्या विरुद्ध आहे. आडोशाला जमिनीपासून शेंड्यापर्यंत फांद्या हव्यात. इमारती लाकडाला खालून मोकळं, सरळ, गाठी नसलेलं खोड हवं. सरपणाचं झाड वरचेवर तोडून पुन्हा फुटायला हवं. म्हणून आधी प्रत्येक ओळीला तिचं एक मुख्य काम ठरवून द्या आणि त्या कामाला साजेल अशी जात मग शोधा. खालची सगळी दुरुस्ती याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघा

वारा जोराचा असेल अशा दिवशी शेतात जा. काठ्यांना गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर हलक्या कापडाच्या पट्ट्या बांधा. झाडांच्या उंचीच्या दुप्पट, पाचपट आणि दहापट अंतरावर त्या काठ्या रोवा. झाडं आठ मीटरची असतील तर काठ्या 16, 40 आणि 80 मीटरवर येतील. एक काठी ओळीच्या टोकाशी आणि एक ओळीत खिंडार असेल तिथे लावा. कुठली पट्टी फडफडते, कुठली नुसती हलते आणि कुठली गरगर फिरते हे अर्ध्या तासात दिसतं. ही पाहणी केल्याशिवाय एकही रोप विकत घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो.

चांगला वारारोधक पट्टा वाऱ्याच्या उतरत्या बाजूला, म्हणजे वारा ओळ ओलांडून जिकडे जातो तिकडे, झाडांच्या उंचीच्या दहा ते वीसपट अंतरापर्यंत वेग कमी करतो. यातला ठळक फायदा पहिल्या दहापटीत मिळतो. वाऱ्याच्या चढत्या बाजूलाही, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, दोन ते पाचपट अंतरापर्यंत थोडी शांतता असते. तुमच्या पट्ट्या यापेक्षा बरंच वेगळं काही सांगत असतील तर पुढे वाचा.

गुडघ्याची पट्टी छातीच्या पट्टीपेक्षा जास्त फडफडते

ओळ खालून पोकळ झाली आहे. वर पालवी आणि खाली नुसती खोडं असली की अडलेला वारा त्या मोकळ्या जागेतून दाबून निघतो आणि जमिनीलगत त्याचा वेग उघड्या रानापेक्षाही वाढतो. पूर्वी लोळत नव्हतं ते पीक आता लोळतं, त्याचं कारण हेच.

याची कारणं तीन. सुरू आणि निलगिरी वय वाढलं की खालच्या फांद्या आपोआप गाळतात. दुसरं, जनावरं, त्यातही शेळ्या, खालचा पाला खातात. सुबाभळीचं तर त्या बुंध्यापर्यंत काही ठेवत नाहीत. तिसरं कारण आपणच. सरपण हाताशी हवं म्हणून खालच्या फांद्या आपण तोडतो, आणि आडोशाचं खरं काम त्याच फांद्या करत असतात.

उपाय म्हणजे वाऱ्याच्या चढत्या बाजूला झुडपांची वेगळी ओळ. ती मोठ्या झाडांच्या सावलीत लावली तर जगत नाही, निदान दोन-अडीच मीटर बाहेर लावा. निर्गुडी आणि अडुळसा मला या कामासाठी सगळ्यात भरवशाचे वाटतात, कारण जनावरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. निर्गुडी तर फांदी खोचूनही लागते. जमीन उथळ, मुरमाड असेल तर करवंद चालतं. ते सावकाश वाढतं, पण एकदा जमलं की काटेरी कुंपणाचंही काम करतं. झुडपांमध्ये एक ते दीड मीटर अंतर ठेवा.

मोठी झाडं तोडल्यावर बुंध्यातून फुटणाऱ्या जातीची असतील, उदाहरणार्थ निलगिरी किंवा सुबाभूळ, तर एक आड एक झाड खाली तोडूनही पोकळी भरता येते. सुरूच्या बाबतीत हा प्रयोग करू नका. नेहमीचा सुरू खाली तोडला की सहसा नीट फुटत नाही आणि ओळीत कायमचं खिंडार पडतं.

जवळची पट्टी गरगर फिरते

ओळ फार दाट झाली आहे. भिंतीसारखा आडोसा जास्त चांगला, असा समज खोलवर रुजलेला आहे आणि त्यानेच बरंच नुकसान होतं. वाऱ्याला अजिबात वाट मिळाली नाही की तो वरून चढतो, पलीकडे लगेच खाली आदळतो आणि भोवरे करतो. पीक एका दिशेला न लोळता वेड्यावाकड्या दिशांनी पिळलेलं दिसलं तर ओळीचा दाटपणा तपासा. पट्ट्याने साधारण निम्मा वारा अडवावा आणि उरलेला गाळून जाऊ द्यावा. ओळीसमोर थोडं लांब उभं राहा आणि पलीकडचा उजेड किती दिसतो ते पाहा. पट्ट्याच्या 40 ते 50 टक्के भागातून उजेड दिसत असेल तर तो योग्य आहे. उजेड सगळ्या उंचीवर सारखा विखुरलेला हवा. खाली सगळा उजेड आणि वर सगळा अंधार असेल तर सरासरी निम्मी भरूनही काही उपयोग नाही.

दाट ओळ उघडायची तर झाडंच्या झाडं काढण्याऐवजी मधल्या आणि वरच्या काही फांद्या विरळ करा. झाड काढलं की खिंडार पडतं, आणि त्याचा त्रास वेगळा.

फक्त टोकाची किंवा खिंडारातली पट्टी फडफडते

वारा ओळीच्या टोकांना वळसा घालून आत येतो. म्हणून ओळीची लांबी उंचीच्या निदान दहापट हवी. आखूड ओळीमागे पीक वाचतं ते फक्त मधल्या तुकड्यात. गाडीवाटेसाठी मोकळं सोडलेलं तोंड वाऱ्यालाही वाट देतं, तेव्हा ती वाट वाऱ्याच्या दिशेला तिरकी काढा किंवा तोंडासमोर थोड्या अंतरावर झुडपांचा छोटा पट्टा घाला. मेलेल्या झाडाची जागा त्याच हंगामात भरा. पुढच्या वर्षी शेजारची झाडं मोठी झालेली असतात आणि नवं रोप त्यांच्या सावलीत अडकतं.

वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच त्रास होतो

झाडांची पानगळ आणि वाऱ्याचा हंगाम एकत्र आले आहेत. साग, शिवण, गिरिपुष्प या सगळ्यांची कोरड्या ऋतूत पानं गळतात. तुमच्याकडे जोराचा वारा त्याच दिवसांत येत असेल तर ही झाडं मुख्य ओळीत चालणार नाहीत, कितीही वेगाने वाढत असली तरी. मुख्य ओळीसाठी बारा महिने पाला राखणारी किंवा फार थोडे दिवस उघडी राहणारी झाडं घ्या. करंज, कडुनिंब, जांभूळ, सुरू ही त्यातली. कागदावर बारा महिन्यांच्या दोन ओळी काढा, एकीत वारा कधी आणि दुसरीत पानगळ कधी. वारा पावसाळ्यात येत असेल तर मात्र साग आणि गिरिपुष्प यांना नाकारण्याचं कारण उरत नाही.

ओळीलगतचं पीक खुजं राहतं

हे काही प्रमाणात होणारच. झाडाच्या उंचीएवढ्या अंतरात मुळांची ओढ आणि सावली मिळून पीक कमी येतं, आणि त्यापलीकडे आडोशामुळे जास्त येतं. हिशोब पूर्ण शेताचा करायला हवा. आपली नजर नेमकी बांधालगतच्या पिवळ्या सऱ्यांवर खिळते, म्हणून झाडांना जास्त दोष मिळतो.

तरी मुळं आणि सावली यांतला फरक ओळखून घ्या. पीक उंच, लांबुडकं आणि फिकट असेल तर सावली. पीक खुजं असेल, दुपारी लवकर सुकत असेल आणि पाणी दिल्यावर तरतरीत होत असेल तर मुळं. खात्री करायला पिकाच्या सऱ्यात हात-दीड हात खोल खड्डा घ्या. झाडाच्या मुळांचं जाळं सापडलं तर प्रश्न मिटला. मग झाडाच्या छत्राच्या काठाजवळ, ओळीला समांतर, 60 ते 90 सेंटिमीटर खोल चर काढून मुळं तोडा. खोडाजवळ चर घेऊ नका, झाड वाऱ्याने उन्मळेल. दोन्ही बाजूंना एकाच वर्षी तर मुळीच नाही. मुळं परत येतात, म्हणून काही वर्षांनी चर पुन्हा उघडावा लागतो.

याहून सोपा उपाय म्हणजे तो पट्टा पिकाला देऊच नये. नाहीतरी शेतात गाडीवाट, चाऱ्याचं गवत, पाटाची जागा हे सगळं कुठेतरी काढावं लागतंच. ते ओळीलगत घ्या.

रोपं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतात किंवा आडवी होतात

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक ओळी इथेच संपतात आणि दोष मात्र पाण्यावर ढकलला जातो.

मेलेलं रोप फेकून देऊ नका, मुळांसकट उपटून बघा. मुळं पिशवीच्या आकारात गोल फिरलेली दिसली तर रोप पिशवीत फार दिवस राहिलं होतं. असं रोप सुरुवातीला हिरवंगार दिसतं, पण मुळं बाहेर पसरत नाहीत, आणि पहिल्या मोठ्या कोरड्या काळात ते जातं किंवा मोठं झाल्यावर वाऱ्याने कलतं. रोप घेताना पिशवी एक-दोन ठिकाणी उघडून बघण्याचा हट्ट धरा. उंच रोपाचा मोह सोडा. ढोबळ मानाने एक ते दोन फुटांचं, जाड बुंध्याचं रोप पुरुषभर उंचीच्या सडपातळ रोपापेक्षा लवकर रुजतं आणि काही वर्षांत त्याला गाठतं. लावताना गोल फिरलेली मुळं धारदार पात्याने उभी कापून मोकळी करा.

दुसरा शत्रू तण. रोपाभोवती एक मीटर रुंदीचं वर्तुळ पहिली दोन वर्षं स्वच्छ आणि पालापाचोळ्याने झाकलेलं ठेवा. आच्छादन खोडाला चिकटवू नका, तिथे ओल राहून साल कुजते. गवत रोपाच्या तोंडचं पाणी पळवतं, आणि हे नुकसान वरून दिसत नाही.

तिसरी चूक आधाराच्या काठीची. घट्ट बांधलेलं रोप वाऱ्यात हलत नाही, म्हणून त्याचा बुंधा जाड होत नाही. काठी काढली की ते वाकतं. फार उघड्यावर बांधणं भागच असेल तर खाली आणि सैल बांधा, आणि पहिल्या वर्षानंतर सोडा.

आणि जमीन. सागाला साचलेलं पाणी चालत नाही, काळ्या भारी आणि निचरा नसलेल्या रानात तो खुरटतो. त्याच रानात बाभूळ मजेत वाढते आणि काही दिवस पाण्यात उभी राहिली तरी तग धरते. ओढ्याकाठच्या ओलसर जागेला अर्जुन आणि करंज. खारवट जमिनीत करंज आणि सुरू दोन्ही टिकतात, मात्र सुरूला पाणी तुंबलेलं फार काळ सोसत नाही. आम्ल जमिनीत सुबाभूळ रडतखडत वाढते. उथळ आणि कोरड्या जागी कडुनिंब, बोर. एकाच बांधावर जमीन दोन-तीन वेळा बदलते, तेव्हा ओळही मध्ये बदलली तर काही बिघडत नाही.

लाकडाला गाठी आणि बाक

वाऱ्यासमोर उघड्यावर वाढलेलं झाड आखूड, फांद्यांनी भरलेलं आणि एका बाजूला ताण घेतलेलं होतं. आडोशाला ते उत्तम आणि फळीला निरुपयोगी. इमारती लाकडाची झाडं पट्ट्याच्या आतल्या, वाऱ्यापासून लपलेल्या बाजूला हवीत. तिथे ती सुरुवातीला दाट, दोन-दोन मीटरवर लावा म्हणजे उजेडासाठी सरळ वर जातात. मग वाकडी आणि मागे पडलेली झाडं काढून विरळणी करा. ही विरळणीच सरपणाचा आणि वाशांचा पहिला हप्ता देते. विरळणी न करता सगळी झाडं तशीच ठेवली तर शेवटी सगळी काठ्यांसारखी राहतात. जीव तुटतो, पण हात आखडू नका.

खालच्या फांद्या अंगठ्याएवढ्या असतानाच काढा. मनगटाएवढी झाल्यावर काढलेल्या फांदीची गाठ लाकडात कायमची बसते. एका वेळी पालवीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग उतरवू नका. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर पट्टा असतो, तो शाबूत ठेवून काप घ्या, म्हणजे जखम लवकर भरते.

जातींबद्दल थोडक्यात. साग, शिवण, शिसव, सिल्व्हर ओक यांना आतली ओळ द्या. महोगनी लावणार असाल तर शेंडा पोखरणाऱ्या अळीची तयारी ठेवा. ती मुख्य शेंडा मारते आणि झाडाला खालीच दोन-तीन फाटे फुटतात. उघड्यावर एकट्या महोगनीचीच लांब ओळ लावली तर तिचा त्रास वाढतो.

सरपण पुरत नाही, किंवा जळतच नाही

पूर्ण वाळलेल्या लाकडाची किलोमागची उष्णता जातीनुसार फारशी बदलत नाही. ती साधारण 4,500 ते 5,000 किलोकॅलरी असते. फरक पडतो तो घनतेत आणि ओलाव्यात. सुरू, बाभूळ, धावडा, खैर ही जड लाकडं, त्यामुळे मोळी लहान असली तरी विस्तव टिकतो. शेवरी आणि पांगारा भराभर वाढतात, पण हलके असल्याने भुरकन जळून जातात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, आणि जाळताना निम्मी उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होत नसली तरी बराच वाटा त्यातच जातो. धूर तर होतोच. तोडल्या-तोडल्या फोडा, जमिनीपासून उचलून हवा खेळेल असं रचा, वरून झाका आणि निदान सहा महिने थांबा. जात बदलण्याआधी हे करून बघा. कित्येक ठिकाणी सरपण "वाईट" ठरतं ते फक्त ओलं असल्यामुळे.

सरपणाची ओळ आडोशाच्या ओळीपासून वेगळी ठेवा आणि तिचे चार-पाच तुकडे पाडा. दरवर्षी एकच तुकडा तोडा. बुंधा जमिनीपासून वीतभर उंच ठेवून काप तिरका घ्या, म्हणजे पाणी त्यावर साचणार नाही. नवी पालवी फुटायच्या आधीची वेळ चांगली. फुटवे भरपूर येतात, त्यातले जोमदार दोन-तीन राखून बाकीचे काढा. जनावरांचा त्रास असेल तर वीतभर उंचीऐवजी माणसाच्या डोक्याच्या वर तोडा, फुटवे तोंडाबाहेर राहतात.

काही झाडं कुठल्याच ओळीत नकोत

कण्हेर दिसायला चांगली आणि चिवट, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. गुरं असलेल्या शेताच्या काठाला आणि सरपणात ती नको. शेराचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो, तो जिथे मुलं फिरतात तिथे टाळावा. विलायती बाभूळ कुठेही येते म्हणून लावली जाते आणि मग कुठेही येतच राहते. वड, पिंपळ, उंबर विहीर किंवा जलवाहिनीजवळ लावू नयेत.

उतारावरच्या शेतात खालच्या बाजूला दाट पट्टा घालताना विचार करा. थंड हवा जड असल्याने उताराने खाली येते आणि पट्ट्यामागे साचते, म्हणजे धुक्याचा आणि दंवाचा त्रास वाढतो. तिथे खालून थोडी फट ठेवणंच बरं, वर सांगितलेल्या नियमाच्या उलट.

आणि एकाच जातीवर सगळा भार टाकू नका. चीनने 1978 मध्ये उत्तरेकडे वाळवंटाला अडवण्यासाठी प्रचंड वनपट्ट्यांचं काम सुरू केलं. त्यात मोठमोठ्या भागांत पॉप्लरची एकसुरी लागवड झाली, आणि लांब शिंगांच्या भुंग्याने ती पोखरल्यावर मोठ्या प्रमाणावर झाडं तोडावी लागली. बांधाच्या मापातही हेच घडतं. मुख्य ओळीत निदान दोन-तीन जाती मिसळा.

उभी असलेली ओळ कशी वळवायची

सगळी उपटू नका, आडोसा एका दिवसात जातो आणि परत यायला काही वर्षं लागतात. पहिल्या हंगामात वाऱ्याच्या चढत्या बाजूला झुडपांची ओळ घाला. जुनी उंच ओळ आता मधली ओळ झाली. तिच्या आत, दोन-तीन मीटर सोडून, इमारती जात लावा आणि तिथेच गाडीवाट ठेवा. सरपणाचे तुकडे पडीक कोपऱ्यात किंवा दुसऱ्या बांधाला न्या. जागा एकाच ओळीपुरती असेल तर इमारती लाकडाचा हट्ट सोडून द्या. बारमाही पाल्याची झाडं दोन-अडीच मीटरवर घ्या, मधे झुडपं भरा, आणि सरपण फक्त छाटणीतून जेवढं मिळेल तेवढं घ्या.

जुनी झाडं थकली असतील तर आतल्या बाजूची नवी ओळ जुनीच्या निम्म्या उंचीला पोहोचेपर्यंत थांबा. मग जुनीतलं दर तिसरं झाड काढा, दोन हंगाम पट्ट्या बांधून वारा बघा, आणि गुडघ्याची पट्टी शांत राहिली तरच उरलेल्यांना हात लावा.